पंतांची खाट

माणसाच्या आयुष्यात खरे निर्णय फार थोडे असतात आणि ते घेताना तो संपूर्ण एकटा असतो — हे वाक्य मनात उमटलं तेव्हा त्याच्या चिमटीत करड्या जाळीच्या कापडाचा एक तुकडा होता. काडेपेटीएवढा, कडा नागमोडी कात्रीने कापलेल्या, कोपऱ्यात भोक. भोकातून एक कडी गेली होती, कडीत निळे, तपकिरी, काळे असे आणखी तुकडे होते आणि कडी दुकानातल्या विक्रेतीच्या बोटात होती. म्हणजे तो एकटाही नव्हता, आणि निर्णय म्हणाल तर कुत्र्याच्या अंथरुणाचा होता.

त्याने तुकडा ओठांशी नेऊन फुंकर मारली. ती पलीकडे विक्रेतीच्या मनगटाला लागली असावी, कारण तिने हात मागे घेतला, कडीसकट.

"हवा जाते," तो म्हणाला.

"जाते ना, सर. सगळ्यांतून जाते."

"फोममधून नाही जात."

"फोमपण चांगला आहे, सर."

हवा कुठून येते, कुठे जाते आणि कुठे अडते, एवढं सांगण्याचाच पगार तो गेली कित्येक वर्षं घेत होता. लोकांच्या खोल्यांत जायचं, भिंती मोजायच्या, मावळतीची खिडकी कुठली ते बघायचं, माणसं किती बसतात ते विचारायचं, आणि ही खोली गार करायला केवढं मशीन लागेल ते सांगायचं. माणूसही उष्णता टाकतो. बसलेल्या माणसाचा एक आकडा तक्त्यात असतो, राबणाऱ्याचा त्याहून मोठा. बोलणाऱ्याचा आणि गप्प बसणाऱ्याचा मात्र एकच. हे त्याला नोकरीच्या सुरुवातीला विचित्र वाटलं होतं, नंतर सोयीचं वाटू लागलं. कुत्र्याचा आकडा तक्त्यात नाही. स्वतःच्या घराचा हिशेब मांडताना त्याने 'माणसं : तीन' असं लिहिलं होतं, मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा तिनाचे दोन केले होते... पंतांना त्याने कधीच धरलं नव्हतं. आणि त्या घरात जे काही बोलणं होत होतं, ते सगळं पंतांच्या मार्फत होत होतं.

पंत म्हणजे कुत्रा. मुलीने आणला तेव्हा तळहातावर मावत होता, पण डोळ्यांवर दोन पांढुरके ठिपके असे बसले होते की भुवया आक्रसून तो कुणाची तरी चूक धरतो आहे असं वाटावं. "हा कुत्रा नाही, हे पंत आहेत," मुलगी म्हणाली, आणि नावाबरोबर आदरही आला. पंत उठले. पंत जेवले. पंतांनी सोफ्यावर केलं.

त्यानंतर ते पडद्याचं भांडण... भांडण तरी कसलं, एका संध्याकाळची कुरबूर. मावळतीच्या खिडकीला जाड पडदा हवा, नाहीतर भिंत तापते, असं त्याचं म्हणणं. पातळ हवा, नाहीतर घरात दिवसा दिवे लावावे लागतील, असं बायकोचं. बोलता बोलता ती एकदम पिल्लाकडे वळली आणि म्हणाली, "पंत, ह्यांना सांगा, हे घर आहे, शीतगृह नव्हे." मुलगी पोट धरून हसली. मग त्यालाही चेव आला. "पंत, हिला सांगा, शीतगृहात निदान डोक्याला ताप नसतो." विनोद चांगला जमला होता. इतका चांगला, की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वापरावासा वाटला, आणि तिसऱ्या दिवशी तो न वापरणं म्हणजे रागावल्यासारखं दिसलं असतं. गिलाव्याचं असंच असतं, ओला असतो तोवर कसाही वळवा, बोटाने नाव लिहा — आणि मग एका सकाळी तो सुकलेला असतो. मुलगी गेली. हसणारं कुणी उरलं नाही. वाक्यं तेवढी राहिली.

आणि कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं, हेच लोकांना समजावून सांगणं कठीण, म्हणून त्याने कुणाला सांगितलंच नाही. कुणी आदळआपट केली नाही, कुणी माहेरी गेलं नाही, जेवण वेळेवर, कपड्यांना इस्त्री. "पंत, ह्यांना सांगा, गॅस संपत आलाय." "पंत, हिला सांगा, उद्या मला उशीर होईल." मुलगी फोन करते तेव्हा आधी पंत कसे आहेत ते विचारते, आणि दोघंही तिला पंतांबद्दल इतकं भरभरून सांगतात, की तिला वाटत असेल घर कसं बोलकं आहे. गेल्या उन्हाळ्यात एकदा तो ऑफिसातून आला तर बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, नळ चालू होता, आणि ती पंतांकडे बघत म्हणाली, "पंत, ह्यांना सांगा, माझा भाऊ गेला."

"पंत," तो म्हणाला, "हिला सांगा..."

पुढचं वाक्य त्याला आलं नाही. म्हणजे वाक्यं आली, दहा आली, पण एकही कुत्र्यामार्फत पाठवण्याजोगं नव्हतं. त्याने नळ बंद केला. पंतांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं आणि शेपूट हलवली.

आज सकाळपासून तो त्या दिवसावर येऊन अडकत होता. कारण आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी पंतांना टेबलावर चढवलं, कोपरं दाबून पाहिली, दात पाहिले, मग मागे जाऊन हातातला स्टीलचा ट्रे फरशीवर टाकून दिला. बाहेर बसलेली मांजर टोपलीत किंचाळली. कुणाची तरी छत्री पडली. पंत समोरच्या भिंतीवरच्या घोड्याच्या चित्राकडे बघत राहिले, भुवया आक्रसून.

"ऐकू येत नाही ह्याला," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला घरात कळलं नाही?"

"नाही... म्हणजे, आमचं तर ऐकतो."

"ऐकत नाही. तोंडाकडे बघतो. हाताकडे बघतो. हुशार असतात हो हे."

"कधीपासून असेल?"

"वर्ष. दोन वर्षंही असतील. म्हाताऱ्यांचं हळूहळू जातं, त्यांचं त्यांनाही कळत नाही." मग ते कोपरांवर आले. दोन्ही कोपरांवर केस जाऊन काळपट घट्टे पडले होते. "फरशीवर झोपतो ना? गार लागते म्हणून झोपतो, पण हाडं टेकतात. ह्याला अंथरूण घ्या. जाड फोम नको, एवढ्या उकाड्यात त्यावर भट्टी होते. हवा लागेल असं बघा, धुता येईल असं बघा. आणि टिकाऊ बघा, नखांनी ओरबाडतात."

"टिकाऊ म्हणजे किती टिकावं?"

डॉक्टरांनी एकदा पंतांकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.

तो पंतांना घेऊन घरी आला तेव्हा दारात बायको उभी होती. औषधांच्या दुकानात तिची सकाळची पाळी असते, तिथून नुकतीच आलेली, साडीच्या पदराला औषधांचा तो कडवट वास. तिने टाच आपटली. हे तिचं हल्ली फार झालं आहे, बोलायचं म्हटलं की आधी टाच, टक करून, फरशीवर. साधारण गेल्या उन्हाळ्यापासून. हा राग आहे असं तो धरून चालला होता. कशाचा, ते विचारायचं तर मध्ये कुत्रा.

"काय पंत, काय म्हणाले डॉक्टर?"

पंतांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने पंतांच्या कानांकडे पाहिलं — मऊ, दुमडलेले, आतून गुलाबी, दिसायला अगदी ऐकू येणाऱ्या कुत्र्यासारखे.

"पंत, हिला सांगा, कोपरांना घट्टे आहेत. अंथरूण घ्यायचंय."

कानांचं त्याने सांगितलं नाही. कसं सांगणार? 'पंत, हिला सांगा, तुम्हाला ऐकू येत नाही' — ह्या वाक्यावर हसता आलं असतं, पण एकदा हसल्यावर पुढे काय? मध्यस्थ बहिरा निघाला म्हणजे एवढी वर्षं... निदान एवढं वर्षभर... मी जे जे बोललो, ते कुणाशी बोललो? आणि ती? भाऊ गेल्याचं तिने कुणाला सांगितलं? मी तिथे उभा होतो. नळ मीच बंद केला.

त्याने आतून फीत आणली आणि झोपलेल्या पंतांचं माप घेतलं, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि पाय ताणले तर केवढं होईल तेही. बायको ओट्यापाशी भाजी निवडत होती. टक.

"पंत, ह्यांना विचारा, शिवणकाम कधीपासून सुरू केलं? मापं घेताहेत सदऱ्याची."

"पंत, हिला सांगा, सदरा नाही. शेरवानी."

हे असं होतं. हे इतकं बरं चाललं होतं.

ऑफिसात त्याच्या टेबलाशेजारी नकाशे काढणारा बसतो, वीस वर्षांचा शेजार. त्याला कापडाचं विचारलं तर त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"काय टनवाले, कुत्र्यालाही लोड काढणार? किती टनाचा एसी बसवताय?"

"थट्टा नको. हवा खेळती पाहिजे."

"आमच्याकडे जुनी सतरंजी टाकतो आम्ही कुत्र्याला. कधी तक्रार नाही आली."

"टिकते का?"

"सतरंजी टिकली. कुत्रा गेला." आणि चष्मा पुन्हा नाकावर.

म्हणून संध्याकाळी हे दुकान. आत शिरताच सवयीने त्याने हिशेब केला होता: दर्शनी भिंत सगळी काचेची, तोंड मावळतीला, मशीन लहान पडतंय, कोपऱ्यातले पिंजऱ्यातले पक्षी चोच उघडून बसलेत. आणि भिंतीशी अंथरुणांची रांग. गोल, मऊ, केसाळ, ज्यांत हात घातला की घाम यावा. जेलची गादी, जी आधी गार लागते आणि मग, तळहात ठेवून उभं राहिलं, तर हळूहळू तुमचीच ऊब तुम्हाला परत करू लागते... एखाद्या फार काळ चाललेल्या संसारासारखी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने हात काढून घेतला. तागाचं, पण त्याच्या दशा पंतांची नखं आठवड्यात काढतील. आणि शेवटी ह्या जाळीच्या खाटा, चार पायांच्या, मध्ये ताणलेलं कापड, खालून वरून हवा मोकळी. कापड निघतं, नळाखाली धुता येतं. सांगाडा गंजत नाही. पाच वर्षांची हमी.

पाच वर्षं. पंत चौदा वर्षांचे. हमी त्यांच्यासाठी नव्हतीच, हे त्या विक्रेतीला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. मला पाच वर्षं हवी होती. मी टिकाऊ अंथरूण निवडत होतो, जणू ते बळकट असलं की वर झोपणाराही तेवढाच टिकेल. आणि पंत संपले, की एका संध्याकाळी मी घरी येईन, दार उघडेल, आणि आम्ही दोघं मधल्या मोकळ्या फरशीकडे बघत उभे राहू.

"बाळाचं वय काय, सर?"

"कुणाच्या?"

"डॉगीच्या."

"चौदा."

"अय्या, आजोबाच की! ठेवणार कुठे?"

फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या जागेत. ती जागा त्याने मोजली नव्हती. साऱ्या गावाच्या भिंती मोजल्या, ती राहिली. त्याने घरी फोन लावला. असा फोन तो सहसा करत नाही. चार वेळा वाजून उचलला गेला. पलीकडून फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

मग टक.

"पंत," बायकोचा आवाज थोडा लांबून आला, फोन तिने खाली कुठेतरी ठेवला असावा, "ह्यांचा फोन आहे. विचारा काय पाहिजे."

त्याच्या हातातला कापडाचा तुकडा सुटून कडीवर लोंबला.

दिसत असताना ती टाच नेहमी तिच्या चेहऱ्याला जोडलेली असे, आणि चेहऱ्यावर तो जो राग वाचत आला होता त्याला. इथे चेहरा नव्हता. नुसता आवाज होता, टक, बेताचा, एखाद्याच्या दारावर हलकेच थाप मारावी तसा, आणि त्यामागून लगेच पट्ट्याच्या कडीची किणकिण — पंतांनी मान वळवल्याची. फरशी हादरली की पंतांना पायांतून कळतं. मग ते बघतात. मग ती बोलते.

म्हणजे तिला माहीत होतं. वर्षभर.

"सर?" विक्रेती म्हणाली.

वर्षभर तिला माहीत होतं की मध्ये कुणी नाही, आणि तरी तिने रोज टाच आपटून पंतांना उठवलं, तोंडाकडे बघायला लावलं, आणि मगच... का? मी सरळ बोलायला घाबरतो म्हणून? की ती? की ह्या एका खुंटीवर जे काय टांगलं होतं ते खाली पडू नये म्हणून ती नुसती हात लावून उभी होती, आणि मी त्याला राग म्हणत होतो... की खरंच राग होता. टाचेवरून कसं कळणार? मी तर तिच्या तोंडाकडेही धड बघत नाही. मी कुत्र्याकडे बघतो.

"पंत," तो म्हणाला, आणि आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाला, "पंत, हिला म्हणावं, फ्रिज आणि भिंतीच्या मधली जागा मोज."

पावलं गेली. फीत त्याच्याच खिशात होती, हे त्याला आत्ता आठवलं. पावलं परत आली. टक.

"पंत, ह्यांना सांगा, तीन विती आणि चार बोटं."

फोन बंद झाला. तो उजव्या हाताचा पंजा ताणून त्याकडे बघत उभा राहिला. बायकोची वीत केवढी? अंगठ्यापासून करंगळीपर्यंत... तो हात त्याने एके काळी धरला होता, सगळ्यांच्या देखत धरला होता, त्यात बांगड्या भरताना चेष्टेने चिमटे घेतले होते कुणीतरी — पण केवढा? कुठल्याशा वाण्याच्या गोदामाच्या छताची उंची त्याला पाठ होती.

"जरा तुमचा हात बघू," तो विक्रेतीला म्हणाला. "वीत हवी होती. माप घ्यायला."

तिने दुकानाच्या दुसऱ्या टोकाकडे, मालक बसतो तिकडे, एकदा पाहून घेतलं. मग काउंटरवर पंजा पसरला. त्याने स्पर्श न करता फीत धरली, तिनाने गुणलं, चार बोटं मिळवली.

"मधली साइज," तो म्हणाला.

"पाय बुटके की उंच, सर?"

"फरक काय?"

"दोन्ही चांगले आहेत."

इथे मात्र त्याला विचारायची गरज नव्हती. दिवसभरात पहिल्यांदा पायाखाली घट्ट जमीन लागली. फरशीलगत गार हवेचा थर असतो. खाट जितकी वर तितका तो थर मोकळा वाहणार, खालून कापडाला लागणार, घाम — कुत्र्याला घाम येत नाही, असो — उष्णता ओढून नेणार. "उंच," तो म्हणाला. "खालून हवा खेळायला हवी." आणि ते इतक्या ठामपणे म्हणाला, की तिने मान डोलावली.

घरी जाताना बसमध्ये खोका मांडीवर घेऊन तो वाक्यं जुळवत राहिला. 'अगं' — इथूनच सुरुवात करावी लागणार होती. बाकी सगळं नंतर. 'अगं, मला कळलं.' 'अगं, तुझा भाऊ गेला तेव्हा...' पण तो शब्दच तोंडात परका वाटत होता, दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखा. त्याने एकदा हळूच म्हणून पाहिलं. शेजारी बसलेल्या बाईने पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

खोका उघडला, वाकडी किल्ली फिरवून चार पाय बसवले, कापड ताणलं. बायको हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. पंत मावळतीच्या खिडकीखाली बसून सगळं बघत होते. पातळ पडद्यातून ऊन आत आलं होतं. त्याने खाट फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या जागेत सरकवली. ती बसेना. बायकोची वीत दुकानातल्या मुलीच्या वितीपेक्षा लहान निघाली. फार नाही. तिन्ही वेळची मिळून दोन बोटं. खाट तिरकी लावावी लागली, तिचा एक कोपरा वाटेत आला.

आता कापड चांगलं आहे, हवा जाते, असं काहीतरी पंतांना सांगावं म्हणून तो वळला तर पंत उठून आलेच होते. त्यांनी खाटेचा एक पाय हुंगला. दुसरा हुंगला. पुढचा पंजा उचलून कापडावर ठेवून पाहिला, उंची त्यांना झेपेना, काढून घेतला. मग मान खाली घातली आणि सरपटत खाटेखाली गेले, तोंड भिंतीकडे केलं, आणि कोपरं फरशीवर टेकवून लांब सुस्कारा सोडला.

दोघंही उभी राहिली. मध्ये खाट होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

तिने टाच आपटली. खाटेखाली काही हललं नाही; शेपटीचं टोक तेवढं फरशीवर एकदा आपटलं असेल. तोंड भिंतीकडेच. म्हणजे आज बघायला कुणी नव्हतं, आणि आता बोलायचं तर... 'अगं' त्याच्या टाळूपर्यंत आलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. रिकाम्या जाळीकडे बघत होती, आणि तो तिच्या टाचेकडे. टाच भेगाळलेली होती, मागे एका जागी कातडी काळपट, घट्ट झालेली. कोपरावर पडतो तसला घट्टा. तो बघत राहिला, आणि जो शब्द आला होता तो तसाच मागे गेला.

टक, आणखी हळू.

"पंत," ती जाळीला म्हणाली, "ह्यांना सांगा, उंच झाली."

त्याच्या पायात चपला नव्हत्या. त्याने टाच उचलली आणि आपटली. एवढं लागत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. कळ गुडघ्यापर्यंत आली.

ती दचकली. वर्षभर जे तिने एकटीने केलं होतं, ते आता त्याने केलं होतं, म्हणजे... तिने माझ्या पायाकडे पाहिलं. मग, किती दिवसांनी कोण जाणे, वर. त्या चेहऱ्यावर काय होतं हे मला सांगता येत नाही. मला फक्त खोल्या वाचता येतात. एवढंच कळलं, की आता दोघांनाही सगळं माहीत आहे आणि तरी पुढचं वाक्य ठरलेलंच आहे.

"पंत," तो म्हणाला, "हिला सांगा, बुटकीपण होती."

पंत झोपले होते. खालून हवा छान खेळत होती.